पुण्यातल्या गल्ल्या पायी बघायच्या तर: भिंती, खाणं आणि बार यांचा क्रम कसा लावायचा

पेठा, कॅम्प आणि कोरेगाव पार्क एका दिवसात करायला निघालेली बहुतेक मंडळी दुपारी दोनच्या सुमारास लक्ष्मी रस्त्यावर वैतागून उभी असतात. दुकानांची शटर खाली, मिसळ संपलेली, भिंतीवरच्या चित्रांपुढे दुचाकींची रांग, आणि गाडी कुठेतरी नो पार्किंगमध्ये. ठिकाणांची यादी बरोबर असते, तिचा क्रम चुकलेला असतो.

यादी नकाशावरच्या अंतरानुसार लावली की हे होणारच, कारण पुण्यातली प्रत्येक गल्ली दिवसातले ठरावीक तासच पाहण्याजोगी असते. कसबा पेठेतल्या रंगवलेल्या भिंती सकाळी सात ते नऊ, तांबट आळी दहानंतर, मंडई दुपारच्या आत, कॅम्प चारनंतर आणि बार आठनंतर. पुढचे टप्पे याच तासांवर बेतलेले आहेत. एकेक टप्पा सुटा केलात तरी चालेल, मात्र क्रम उलटा करू नका.

## टप्पा १: आदल्या दिवशीची तयारी

वार ठरवा. सोमवारी लक्ष्मी रस्त्यावरची आणि आसपासची बरीच दुकानं बंद असतात, काही जुन्या खाणावळीही. रविवारी कॅम्पात कयानी बेकरी बंद असते. दोन्ही भाग एकाच दिवशी करायचे तर मंगळवार ते शनिवार यांतला वार घ्या. जुन्या बाजाराची हौस असेल तर तो बुधवारी आणि रविवारी भरतो. म्हणजे बुधवार सगळ्यांत सोयीचा.

तारीख तपासा. गणेशोत्सवाचे दहा दिवस पेठांमध्ये फिरण्याचा आनंद वेगळाच आहे, पण भिंती बघायला ते दिवस निरुपयोगी. मांडव, कमानी आणि फ्लेक्स यांच्यामागे अर्ध्या भिंती झाकलेल्या असतात आणि संध्याकाळनंतर गर्दीत पाऊल टाकता येत नाही. आषाढवारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा नाना आणि भवानी पेठेकडचे रस्ते वाहनांना बंद असतात. तो दिवस वारीसाठीच ठेवा. पावसाळ्यात जुन्या बोळांतली शहाबादी फरशी शेवाळलेली असते, तेव्हा गुळगुळीत तळाच्या चपला घालून कसब्यात शिरू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

गाडी घरी ठेवा. हे सांगूनही लोक ऐकत नाहीत, म्हणून कारणासकट सांगते. बाजीराव रस्ता एका दिशेने, शिवाजी रस्ता उलट दिशेने, लक्ष्मी रस्ताही एकेरी. एक वळण चुकलं की अख्खा वळसा पडतो. त्यात सम-विषम तारखांचं पार्किंग. मेट्रोची कसबा पेठ आणि मंडई ही दोन भुयारी स्थानकं सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि त्यांनी तुम्हाला नेमकं पेठांच्या पोटात आणून सोडलं आहे. गाडी आणावीच लागली तर मंडईजवळच्या आर्यन किंवा मिनर्व्हा वाहनतळात लावा आणि संध्याकाळपर्यंत विसरा.

पिशवीत काय हवं: दहा-वीस-पन्नासच्या नोटा, पाण्याची बाटली, टोपी, फोनची पॉवर बँक, आणि रात्री बारमध्ये जायचं असेल तर वयाचा पुरावा असलेलं मूळ ओळखपत्र. फोनवर पैसे आता जवळपास सगळीकडे चालतात, पण जुन्या उपाहारगृहात काही वेळा "रोखच द्या" ऐकावं लागतं. जाड तळाचे बूट घाला. पेठांत सपाट पदपथ असा सलग मिळत नाही.

> तपासा: भिंतीवरचं एखादं चित्र खास बघायचं ठरवलं असेल तर त्याचा सगळ्यांत अलीकडचा फोटो कधीचा आहे ते शोधा. जुना वाडा पाडून इमारत उभी राहिली की चित्रही जातं. तीन वर्षांपूर्वीच्या फोटोवर विसंबून कसब्यात गेलात तर तिथे नवं पार्किंग सापडू शकतं.

## टप्पा २: पत्ता विचारायची रीत

हा टप्पा लोक गाळतात आणि मग नकाशातल्या निळ्या ठिपक्याबरोबर गोल गोल फिरतात. अरुंद बोळात, दोन्ही बाजूंना तीन मजली भिंती असताना, तो ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. पेठांतले घरक्रमांकही ओळीने लागत नाहीत. "सदाशिव पेठ, अमुक नंबर" हा सिटी सर्व्हेचा क्रमांक असतो, आणि एक क्रमांक मोठा म्हणजे घर पुढच्या दारात असं मुळीच नाही.

पेठांत पत्ता सांगतात तो खुणांवरून: देऊळ, हौद, तालीम, चौक, पार. त्यामुळे निघण्याआधी आपल्या वाटेवरच्या पाच-सहा खुणा कागदावर लिहून घ्या. फडके हौद, कसबा गणपती, पवळे चौक, बेलबाग चौक, जिलब्या मारुती, शनिपार, निंबाळकर तालीम. मारुतींची नावं नीट पाठ करा. पत्र्या, सोन्या, डुल्या, भिकारदास, जिलब्या असे इतके आहेत की नुसतं "मारुती मंदिर कुठे?" विचारलं तर समोरचा माणूस तुम्हालाच उलट विचारेल, "कोणता?"

विचारायचं कोणाला? स्कूटरवरून जाणाऱ्याला नाही. पारावर किंवा दुकानाच्या पायरीवर बसलेल्या काकांना. "अहो काका, तांबट आळीत जायचंय, पवळे चौकातून आत वळू का?" असा अर्धा पत्ता आपणच सांगून प्रश्न केला तर उत्तर नेमकं मिळतं. "इथे बघण्यासारखं काय आहे?" या मोघम प्रश्नाला तसंच मोघम उत्तर मिळतं.

## टप्पा ३: सकाळी सात ते नऊ, कसब्यातल्या भिंती

मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतरा. सव्वासातला बाहेर पडलात तर वेळ अगदी बरोबर.

इतक्या सकाळी का, याची तीन कारणं आहेत. पहिलं, उजेड. या गल्ल्या इतक्या अरुंद की ऊन थेट भिंतीवर पडतं ते डोक्यावर आल्यावरच, आणि तेव्हा अर्धी भिंत पांढरी, अर्धी काळी दिसते. सकाळचा पसरलेला उजेड रंग जसेच्या तसे दाखवतो. दुसरं, दुचाकी. नऊ-साडेनऊनंतर भिंतीच्या पायथ्याशी गाड्यांची जी रांग लागते ती रात्रीपर्यंत हलत नाही. तिसरं कारण कोणाच्या लक्षातच येत नाही: शटर. हाताने रंगवलेल्या पाट्या आणि शटरवरची चित्रं, अक्षरं दुकान बंद असतानाच दिसतात. दहाला शटर वर गेलं की ते चित्र गुंडाळलं गेलं.

कसब्यात २०१२ पासून चित्रकारांनी घरमालकांच्या परवानगीने भिंती रंगवायला सुरुवात केली. त्या उपक्रमाचं नाव पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्ट. त्यातली काही चित्रं फिकट झाली, काही भिंतींसकट गेली, काहींच्या शेजारी नवी आली. त्यामुळे ठरावीक यादी हातात घेऊन "हे बघितलं, ते बघितलं" करत खुणा करू नका. गल्ली बघायची पद्धत शिका, ती कायम उपयोगी पडते:

गल्लीच्या तोंडाशी थांबा आणि आधी वर बघा. पहिल्या मजल्याच्या वरचा, खिडक्यांमधला भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. मग गल्ली संपेपर्यंत न थांबता चाला आणि परत फिरताना फोटो काढा. जाताना पाठीमागे राहिलेल्या भिंती येताना समोर येतात. इमारत पाडल्यावर शेजारच्या घराची जी आंधळी भिंत उघडी पडते ती खास बघा, मोठी चित्रं तिथेच असतात. कोपऱ्यात खाली चित्रकाराची सही असेल तर तिचा वेगळा फोटो घ्या आणि चित्र कुठे टाकलंत तर ते नावही सोबत द्या. चित्रकाराचं नाव कापून भिंत तेवढी दाखवणं ही वाईट सवय आहे.

"कला" या शब्दाची व्याख्या इथे थोडी सैल ठेवा. लाकडी महिरपी, दारावरची गणेशपट्टी, तालमीच्या भिंतीवरचा रंगवलेला मारुती, मंडळाच्या फलकावरची सुबक सुलेखनातली सूचना, आणि अर्थातच पुणेरी पाट्या. "दारासमोर गाडी लावू नये" हे एकच वाक्य किती तऱ्हांनी आणि किती वळणदार अक्षरांत लिहिता येतं, हे बघायला पेठांसारखी जागा नाही. मला स्वतःला मोठ्या रंगीत चित्रांपेक्षा हाताने रंगवलेली ही अक्षरं जास्त मोलाची वाटतात, कारण ती झपाट्याने नाहीशी होत आहेत. एक फ्लेक्स आला की मागची रंगवलेली पाटी पुन्हा कधीच दिसत नाही.

> सावधान: वाड्याचं दार उघडं आहे याचा अर्थ आत या असा होत नाही. चौक म्हणजे कोणाचं तरी अंगण असतं. उंबऱ्याबाहेरून हाक मारा, "काकू, आत येऊन वाडा बघू का?" हो म्हणाल्या तर चप्पल कुठे काढायची ते विचारा. नाही म्हणाल्या तर नमस्कार करून पुढे व्हा. आणि महापालिकेने "धोकादायक इमारत" असा फलक लावलेला वाडा असेल तर परवानगी मिळाली तरी आत जाऊ नका, पावसाळ्यात तर नाहीच.

## टप्पा ४: नाश्ता, पण अर्धा

साडेआठ-नऊला फडके हौदाकडे वळा. तिथलं वैद्य उपाहारगृह हे इथल्या नाश्त्याचं जुनं ठिकाण. त्यांची मिसळ लाल तर्रीची नाही. आलं-मिरचीचा हिरवट, सौम्य रस्सा असतो. कोल्हापुरी झणझणीत डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल, आणि चूक मिसळीची नसेल. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातली बेदेकरांची मिसळ थोड्या गोडसर अंगाची, वेगळीच. दोन्ही एकाच सकाळी खायचा हट्ट करू नका.

खाण्यातली सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. नऊ वाजता दोन प्लेट मिसळ, वर बटाटावडा आणि खरवस रिचवला की पुढचे सगळे टप्पे सुस्तीत जातात. दिवसभरात सात-आठ ठिकाणी खायचं आहे, तेव्हा दोघांत एक प्लेट हा नियम ठेवा आणि कुठेही पोट भरू देऊ नका.

बसण्याची रीतही माहीत हवी. कूपन आधी घ्यायचं की बिल नंतर द्यायचं, ते पैशांच्या गल्ल्याकडे बघून ओळखा. टेबल मोकळं नसेल तर "इथे बसू का?" विचारून अनोळखी माणसासमोर बसायचं, त्यात कोणाला गैर वाटत नाही. मिसळीवर वाढीव रस्सा हवा तर "सँपल द्या" म्हणायचं. मागच्या रांगेतले लोक उभे असताना रिकाम्या ताटल्यांसमोर गप्पा मारत बसू नका. चहा बाहेर टपरीवर घ्या.

## टप्पा ५: तांबट आळी ते तुळशीबाग

दहाच्या पुढे परत कसब्यात, तांबट आळीत. आळी शोधायला पाटी लागत नाही, हातोडीचा आवाज ऐकत जायचं. तांब्या-पितळेच्या भांड्यावर लाकडी किंवा लोखंडी हातोडीने सारखे ठोके देऊन जी चकाकती खळगीदार नक्षी उठवतात तिला मठारकाम म्हणतात. एक ठोका चुकला तर भांड्याचा पत्रा मार खातो, म्हणून कारागिराशी काम चालू असताना बोलू नका. तो हातोडी खाली ठेवेल तेव्हा विचारा. दारात उभं राहून उजेड अडवू नका, हे दुसरं. आणि तिसरं: इथली वस्तू खरोखर आवडली तर तिथूनच विकत घ्या आणि फार घासाघीस करू नका. किंमत पत्र्याच्या वजनावर आणि ठोक्यांच्या तासांवर ठरते. घरी पाणी प्यायला तांब्या-भांडं घेत असाल तर कल्हई केलेलं कशासाठी आणि बिनकल्हईचं कशासाठी, हे त्यांनाच विचारून घ्या. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत ठेवायचे नसतात.

तिथून मंडईकडे पायी या. शिवाजी रस्ता धरला तर वाट चुकत नाही.

> सावधान: या वाटेवर, दगडूशेठ गणपतीच्या मागच्या बाजूला बुधवार पेठेतली वेश्यावस्ती आहे. त्या गल्ल्यांमध्ये फोन आणि कॅमेरा खिशातच ठेवा. तिथल्या बायका कुणाच्या फोटोचा विषय नाहीत. त्यांचा चेहरा तुमच्या फोनमुळे गावाकडच्या घरी पोचला तर त्यांचं उभं आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं. "दुरूनच काढला" ही सबब चालणार नाही. मुद्दाम "बघायला" म्हणून त्या गल्लीत वळू नका, मुख्य रस्त्यानेच पुढे जा.

महात्मा फुले मंडई दुपारच्या आत बघा. उंच छपराखाली आतल्या गाळ्यांमध्ये फळं-भाज्या, बाहेर पालेभाज्यांचे ढीग, पत्रावळी, हार-फुलं. इथे फोटो काढायचा तर आधी काहीतरी विकत घ्या, दहा रुपयांची कोथिंबीर का असेना. मावशी आपण होऊन जुडी हातात धरून उभ्या राहतील.

मंडईतून तुळशीबाग चालत पाच मिनिटांवर. लक्ष्मी रस्त्याच्या बाजूने आत शिरताना बहुतेक लोक खरेदीच्या गल्लीतच अडकतात आणि आतलं राममंदिर बघायचं राहून जातं. म्हणून आधी कमानीतून सरळ देवळाच्या आवारात जा, मग खरेदी. पितळी भातुकली, देवाची उपकरणी, रांगोळीचे छाप यासाठी देवळालगतची दुकानं चांगली. कानातले-बांगड्या बाहेरच्या ओळीत. भुकेची जाणीव झालीच तर श्रीकृष्ण भुवनची मिसळ इथेच आहे, पण सकाळी मिसळ झाली असेल तर ती सोडा आणि कावरे आइस्क्रीम घ्या.

वेळ उरला आणि अंगात उत्साह असला तरच बोहरी आळी. घाऊक बाजार आहे, हातगाड्या आणि हमाल सतत ये-जा करत असतात. "बाजू, बाजू" ऐकू आलं की लगेच भिंतीला लागा. डोक्यावर ओझं असलेला माणूस तुमच्यासाठी थांबू शकत नाही.

## टप्पा ६: दुपारी एक ते चार

पुण्यात दुपारच्या विश्रांतीवर विनोद करून झालेले आहेत, नियोजनात मात्र तिला कोणी जागा देत नाही. काही दुकानं आता दिवसभर उघडी राहतात, पण पेठांतली जुनी दुकानं एक ते चार बंद असतात हे गृहीत धरूनच चाला.

आधी जेवण. लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस किंवा टिळक रस्त्याकडे गेलात तर बादशाही. साडेबाराच्या आत पोचा, एकनंतर रांग लागते. थाळी अमर्याद असली तरी टप्पा ४ मधला नियम विसरू नका.

मग केळकर संग्रहालय. बाजीराव रस्त्यालगत नातूबागेत आहे, दुपारी उघडं असतं, सावली असते आणि बसायला जागाही. इथे यायचं खरं कारण वेगळं आहे. सकाळी गल्ल्यांमध्ये जी दारं, दिवे, अडकित्ते, भांडी तुटक-तुटक दिसली ती इथे नीट मांडलेली, स्वच्छ उजेडात बघायला मिळतात. सकाळी कसबा केलेला माणूस इथे तासभर रमतो. थेट संग्रहालयात आलेला वीस मिनिटांत कंटाळतो.

बाहेर पडल्यावर निंबाळकर तालमीजवळ सुजाता मस्तानी. मस्तानी म्हणजे आइस्क्रीम घातलेलं घट्ट, गोड दूध. एप्रिल-मे-जूनमध्ये आंब्याची, इतर वेळी सीताफळ किंवा जी ताजी असेल ती. एक मस्तानी दोघांत पुरते.

> तपासा: या वेळी फोन किती चार्ज आहे, पाय कसे आहेत, सोबतच्यांपैकी कोणी थकलंय का ते बघा. आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर दिवस इथेच संपवा. पुढचे दोन टप्पे दुसऱ्या दिवशी केले तरी काही बिघडत नाही.

## टप्पा ७: चार ते साडेसात, कॅम्प

कॅम्पात मेट्रो जात नाही. मंडई किंवा शनिपारावरून रिक्षा करा, मीटरनेच. महात्मा गांधी रस्त्याच्या तोंडाशी उतरा आणि तिथून सगळं पायी.

पहिलं काम ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीत. दुपारच्या सुट्टीनंतर उघडतं तेव्हा रांग सुटसुटीत असते, सहानंतर वाढते आणि श्रूजबरी बिस्किटं संपण्याची शक्यताही. मावा केक घ्यायचा तर लगेच खा, दिवसभर पिशवीत घेऊन फिरू नका. पेटी हातात आली की परत मागे, महात्मा गांधी रस्त्यावर मार्झोरिनमध्ये एक सँडविच. बुधानींचे वेफर्स गरम असताना बांधून देतात, ती पुडी घरी न्यायला. मांसाहार करत असाल तर दस्तुर मेहेर रस्त्यावरचं दोराबजी: १८७८ पासूनचं इराणी-पारशी वळणाचं खाणं, बिर्याणी आधी संपते.

कॅम्पातल्या भिंतींकडे वेगळ्या नजरेने बघा. इथे रंगवलेली चित्रं कमी. बघायचं ते जुन्या बंगल्यांचे लाकडी सज्जे, दुकानांवरची जुन्या वळणाची इंग्रजी-मराठी नावं, अग्यारी (पारशांचं अग्निमंदिर) आणि ज्यूंच्या सिनेगॉगच्या लाल विटा. छत्रपती शिवाजी मार्केटच्या आसपासच्या आडव्या गल्ल्यांतून फिरा, मुख्य रस्त्यावरून नाही.

> सावधान: कॅम्प हा लष्करी छावणीचा भाग आहे. लष्करी फाटक, कार्यालय, कुंपण किंवा जवान चौकटीत येत असतील तर फोटो काढू नका. "छायाचित्रणास मनाई" हा फलक दिसला तर तो खराच आहे असं समजा. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो. बाहेरून बघा आणि तिथल्या माणसाशी वाद घालू नका.

## टप्पा ८: रात्रीचा बार

बारचा टप्पा शेवटी ठेवायचा, आणि त्यात चार गोष्टी आधीच पक्क्या करायच्या.

पहिली गोष्ट वय. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं, बाकी मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण हवीत. कल्याणीनगरच्या मे २०२४ मधल्या अपघातानंतर पुण्यात पोलीस आणि उत्पादन शुल्क विभागाच्या तपासण्या कडक झाल्या आहेत. ओळखपत्राचा फोटो दाखवून भागेल असं धरू नका.

दुसरी, परवाना. राज्यातल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य पिण्यासाठी व्यक्तीला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, वार्षिक शंभर आणि आजीव हजार रुपयांचा. एक दिवसाचा परवाना बहुतेक बारमध्येच मिळतो. नियमित पिणाऱ्याने आजीव काढून टाकावा.

तिसरी, ड्राय डे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर सर्वांना माहीत असतात. विसरले जातात ते गणेश विसर्जन, निवडणुकीचं मतदान आणि मतमोजणीचे दिवस. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बघा.

चौथी, परतीची सोय. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. "एकच घेतली" हे यंत्राला कळत नाही. सकाळी गाडी घरी ठेवायला सांगितली त्याचं हे दुसरं कारण.

आता जागा. पेठांमध्ये बार शोधत रात्री फिरण्यात अर्थ नाही. दोन पर्याय आहेत. कॅम्प, स्टेशन आणि डेक्कनच्या बाजूला जुन्या परमिट रूम आहेत: साधी टेबलं, चकली-शेंगदाणे, मंद दिवे, दर माफक. शांतपणे दोन तास बोलत बसायचं असेल तर याच चांगल्या. कोरेगाव पार्कच्या गल्ल्या, म्हणजे लेन पाच, सहा, सात आणि नॉर्थ मेन रोड, इथे गाणी, क्राफ्ट बिअर आणि तरुण गर्दी. बिअरची आवड असेल तर ही निवड करा. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी (जागेवरच थोडी थोडी बिअर बनवणारी ठिकाणं) एक २००९ मध्ये पुण्यातच सुरू झाली आणि तेव्हापासून इथे ताजी बिअर चांगली मिळते. आधी चव बघायला छोटा ग्लास मागा, पूर्ण पिंट नंतर. गव्हाची बिअर हलकी असते, तिथून सुरुवात करा.

कोरेगाव पार्कात आठपर्यंत पोचा. शुक्रवार-शनिवारी नऊनंतर काही ठिकाणी प्रवेश शुल्क लागतं, काही ठिकाणी फक्त जोडप्यांना सोडतात. फोन करून आधी विचारा. मेन्यूवरच्या किमतीत कर धरलेला असतोच असं नाही. सेवा शुल्क बिलात आपोआप लावलेलं दिसलं तर ते काढायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे, शांतपणे सांगा.

पोट रिकामं नसावं. दिवसभर अर्धा-अर्धा खाल्ल्याचा फायदा इथे दिसतो, कारण आता जेवायला भूक शिल्लक असते. पहिल्या पेल्यासोबतच जेवण मागवा, शेवटी नाही. प्रत्येक पेल्यामागे एक ग्लास पाणी. दिवसभर उन्हात चालल्यावर मद्य नेहमीपेक्षा लवकर चढतं.

> सावधान: या लेन म्हणजे वडाच्या झाडांखालची राहती वस्ती आहे. रात्री दहानंतर बाहेर रस्त्यावर उभं राहून मोठ्याने बोलणं, गाडीत गाणी लावणं, बंगल्याच्या फाटकाशी घोळका करणं टाळा. इथल्या रहिवाशांच्या तक्रारींमुळे जागा बंद पडतात, आणि ती तक्रार रास्त असते.

## टप्पा ९: परत

बार मध्यरात्रीनंतर दीडला बंद होतात आणि तेव्हा सगळ्यांना एकदमच रिक्षा हवी असते. साडेबाराच्या आत निघा. रात्री अकरानंतर मेट्रो मिळेल असं धरू नका. बंडगार्डन स्थानकावरून शेवटची गाडी पकडायची असेल तर आदल्या रात्रीच वेळापत्रक बघून ठेवा. मध्यरात्रीनंतर रिक्षाच्या मीटरवर जादा भाडं लागतं, ते नियमाप्रमाणे आहे. अॅपवरून गाडी बोलावत असाल तर बारच्या दाराऐवजी नॉर्थ मेन रोडवरचा ठळक कोपरा द्या, आतल्या लेनमध्ये चालक चुकतात. एकटीने परतणारीने गाडीचा नंबर आणि मार्ग घरी पाठवावा, आणि बसण्याआधी नंबरप्लेट जुळवून बघावी. फोनची बॅटरी या वेळी हमखास संपलेली असते. म्हणून घरचा एक नंबर आणि दोनशे रुपये ओळखपत्रासोबत वेगळे ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नाही.